तनूच्या ऑपरेशनला हो म्हटलं

मंगळवार, शिनोली. दिवेलागण झाली.

आज हो म्हणून टाकलं. बरोबर केलं का? अजून कळत नाही.

तनूच्या मेंदूत रक्तवाहिन्यांचा गुंता आहे. दिवाळीत त्यातून रक्तस्राव झाला, पण पोर वाचली. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर उजवा हात जाऊ शकतो. नाही केलं तर पुन्हा कधी रक्तस्राव होईल ते सांगता येत नाही. उजवा हात. त्याच हाताने ती दिवसभर चित्रं काढते.

सासूबाई म्हणतात, "आता बरी हाये ना पोरगी? मग डोकं उघडायचं कशाला?" मलाही आतून तेच वाटत होतं. तनूचे बाबा पंधरा दिवस कुणाशी धड बोललेले नाहीत.

आज तनूनेच विचारलं, "आई, मी आले की तुमी दोघं गप का बसता?" अकरा वर्षांची आहे. सगळं सांगितलं, हाताचंसुद्धा. बराच वेळ ती उजव्या हाताची बोटं उघडत-मिटत राहिली.

मग म्हणाली, "मी रोज झोपताना लई घाबरते. सकाळी उठीन का नाय, म्हणून."

इतके महिने ती हे एकटीच सोसत होती. आणि मी समजत होते, तिला काही कळत नाही.

ह्यांनी डॉक्टरांना फोन लावला आणि माझ्यापुढे धरला. फोन मी घेतला. "तारीख द्या," एवढंच मी म्हणाले.

हात गेला तर तनू मला दोष देईल. देऊ दे. दोष द्यायला ती असू दे.