काळ्या पडद्याशी माझं वाकडं

१२ फेब्रुवारी, सोमवार

आणि वर फोनवरची ती पोरगी म्हणे, "सोपं आहे, एजे!" सोपं असेल तर तूच ये की बर्फात घोडा घालायला! तेरा हिवाळे मी वर खिंडीत जाऊन किती बर्फ साचला ते रोवलेल्या काठ्यांवर वाचतेय. वहीत आकडे लिहायचे, जिल्ह्याच्या कचेरीला फोनवर सांगायचे, वर्षाच्या शेवटी वही तिकडे पाठवायची. कुणाचं काही अडलं नाही. आता साहेबांचा हुकूम — पंधरा मार्चपासून वही बंद. आकडे कंप्युटरमध्ये घालायचे. तेही काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून. चित्र नाही, खूण नाही, नुसती एक रेघ लुकलुकते. ज्याला जमणार नाही त्याचं बर्फमोजणीचं ठाणं दुसऱ्याला!

आठवीत शाळा सुटली माझी. ठाणं नाही सोडणार. आठवड्यातले दोन दिवस वर असते, तेवढेच माझे. खाली आलं की चूल, मेंढ्या आणि ह्यांचे मोजे.

१३ फेब्रुवारी

कचेरीतली आइझिरेक फोनवरून शिकवते. माझ्या लेकीच्या वयाची पोर, मला एजे म्हणते, म्हणजे ताई. "एल-एस लिहा, एजे. समोर काय काय ठेवलंय ते दिसेल." लिहिलं. मशीन म्हणतं असा हुकूमच नाही. परत लिहिलं. परत तेच. अर्धा तास! मग बाईसाहेब विचारतात, "एजे, रशियन अक्षरं चालू आहेत का?"

चालूच असणार! एकेका बटणावर दोन दोन अक्षरं छापलीत. मी बटणं बघू की पडदा बघू?

१६ फेब्रुवारी

ह्यांनी दारातून विचारलं, "काय गं, याला लगाम कुठे घालायचा ते कळलं का?"

म्हटलं, आधी तुमच्या तोंडाला घालते, मग याच्याकडे बघते.

२० फेब्रुवारी

आज आर-एम. पुसायचा हुकूम. सरावाची फाइल पुसायची होती, मी गेल्या आठवड्याचे आकडे पुसले. नक्की ना बाई, असं एका शब्दानं विचारलं नाही मेल्यानं! कचऱ्याची टोपली बिपली काही नाही. गेलं ते गेलं. वही होती म्हणून वाचले. एका बोटानं सगळं परत घातलं. चूल विझली, शेणी आणायला उठले नाही, पाय गारठून लाकडं झाले.

२१ फेब्रुवारी

आज हात लावला नाही. लावणारही नाही.

२६ फेब्रुवारी

लावला.

आमच्या ठाण्याच्या जुन्या नोंदी सगळ्या एका फोल्डरमध्ये आहेत आणि त्या फोल्डरला नाव दिलंय मामंजींचं! माझ्याआधी ठाणं त्यांच्याकडे होतं म्हणून. आत शिरायचं तर सी-डी लिहून पुढे ते नाव लिहायचं. सून आहे मी या घरची! अठ्ठावीस वर्षांत ते नाव तोंडातून काढलं नाही. त्यांच्या मयतीलासुद्धा नाही. ते बोटांनी कसं काढू? 'थोरले' लिहिलं. असं काही नाही, म्हणतं. 'घोडेवाले बाबा' लिहिलं. तेही नाही.

आइझिरेकला हसू आवरेना. "एजे, मशीनला सासर-माहेर कळत नाही हो."

"मला कळतं ना!"

तिचंही लग्न ठरलंय या उन्हाळ्यात. मग हळूच म्हणाली, "पहिलं एकच अक्षर लिहा आणि डाव्या हाताचं टॅब दाबा."

दाबलं. उरलेलं सगळं नाव मशीननं आपणहून लिहिलं! मी नाही लिहिलं. डोळे बाजूला केले आणि एंटर मारून आत गेले.

६ मार्च

परीक्षा झाली. फोन कानाला, आइझिरेक सांगेल ते करायचं. नवी फाइल, आकडे, कचेरीला रवाना. घामानं ओढणी भिजली. पास!

८ मार्च

महिला दिन. साहेबांनी फोन करून शुभेच्छा दिल्या. पाठ केलेल्या. ह्यांनी चहा केला, आमच्याकडे चहात मीठ लागतं, ते घालायलाच विसरले. तरी मी प्याले.

१० मार्च

सकाळी आइझिरेकनं ग्रेप नावाचा हुकूम शिकवला. कुठलाही शब्द द्या, सगळ्या फाइलींतून शोधून आणतं. म्हटलं, बघू आपलं नाव. बुरुलसुन. एंटर.

काहीच आलं नाही. चूकही दाखवली नाही. नुसती ती रेघ लुकलुकत होती. रशियन अक्षरांत लिहिलं, इंग्रजी अक्षरांत लिहिलं.

"एजे, काही आलं नाही म्हणजे ते नाव कुठेच नाही."

मग एकेक फाइल उघडून वाचली. आकडे माझे. एकोणीस सालच्या वादळात घोडी घसरली होती, त्या दिवसाचासुद्धा आहे. आणि निरीक्षकाच्या रकान्यात मामंजी! अकरा साली ते अंथरुणाला खिळले, सोळा साली गेले. इथे मात्र गेल्या डिसेंबरपर्यंत म्हातारा खिंडीत घोडा घालतोय! कुणा आळशानं एकच नाव वरून खालपर्यंत ओढत नेलंय.

रविवार असूनही साहेबांना घरी फोन लावला. थंडपणे म्हणाले, "नोंदीत नाव नाही म्हणजे अनुभव नाही. तुमचं ठाणं आम्ही रिकामं धरलंय. पंधरापासून नवीन माणूस येईल."

"मग परीक्षा कशाला घेतलीत?"

"परीक्षा सगळ्यांचीच घेतली, बाई."

११ मार्च, सोमवार

आकडे जातात त्याच वाटेनं चिठ्ठी पाठवली. कुणाला न विचारता, एकही हुकूम न चुकता. साहेब, तेरा हिवाळ्यांच्या वह्या तुमच्या कपाटात आहेत. अक्षर माझं आहे. मामंजींची वर्षं त्यांची, माझी माझी. वह्या काढा, नाव घाला, आणि ठाणं कुणाचं ते मला लेखी कळवा — गुरुवारी, चौदा तारखेला, कचेरी बंद व्हायच्या आत.