मशीनवाल्या काकूंचा नंबर

सोमवार, ३ मार्च

मामाच्या पाट्या रंगवायच्या दुकानात कामाला लागले नि पाटी बिघडवली! शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या काकूंच्या नव्या दुकानाची. फोन नंबरातले पहिले आकडे ऐसपैस रंगवले, शेवटच्यांना जागाच उरली नाही. मामा म्हणाला, "पहिले पाहुणे पलंगावर लोळतायत, शेवटचे दारात उभे! पूस."

पुसताना चाळा सुरू. नंबर दिसला की कशाने भाग जातो ते बघायचं – शाळा सुटली, खोड नाही सुटली. दहातले पहिले दोन आकडे मामाने पुसलेच होते, उरला ७३९३९१३३. शेवटचा ३ पुसला, मग दुसरा ३, मग १. उरला ७३९३९. कशानेच भाग जाईना.

मंगळवार, ४ मार्च

घरी कागदावर मागून एकेक आकडा खोडत गेले. ७३९३ – मूळ संख्या. ७३९ – मूळ. ७३, ७ – मूळच! मोठ्या होत्या त्या मामाच्या मोबाईलवर तपासल्या. त्यासुद्धा! आणि तिथं लिहिलंय, मागून खोडत गेलं तरी मूळच उरते अशी ७३९३९१३३ हून मोठी संख्याच नाही. शेवटी कुठलाही आकडा जोडा – खेळ खलास.

मामीला सांगितलं. "बरं. भाजी चिरतेस का?"

गुरुवार, ६ मार्च

पाटी लागली. मुद्दाम त्या रस्त्याने आले.

सोमवार, १० मार्च

काकू पाटी काखेत मारूनच आल्या. "लोक तिनाचा नऊ करतात नि नऊचा तीन! माझी गिऱ्हाइकं दातांच्या डॉक्टरकडे फोन लावतायत. सोपा नंबर घेतलाय, हा पुसा."

मामा खूश, पुन्हा काम.

आणि मी बोलले! गिऱ्हाइकासमोर! "नंबर बदलू नका." मामा बघतच राहिला. पुढे जीभ टाळ्याला चिकटली. वर्गात उभं केलं की व्हायचं तस्संच, म्हणून तर शाळा सोडली. मग पाटीवरच्या पहिल्या दोन आकड्यांवर एक हात ठेवला, दुसऱ्याने मागून एकेक आकडा झाकत गेले. "ही मूळ. ही पण. ही पण."

"मूळ म्हणजे गं?"

"कशानेच भाग जात नाही."

"आमच्या हट्टी ह्यांच्यासारखा!" काकू खो खो हसल्या. मग म्हणाल्या, "छान आहे. पण पोरी, मला फोन यायला हवेत ना?"

बरोबरच होतं त्यांचं. मी पुसायला बोळा घेतला. रडू येत होतं – नंबरासाठी, वेडी कुठली!

काकूंनी पर्समधून सिमकार्ड काढून हातावर ठेवलं. "एवढा जीव आहे तर तूच सांभाळ."

मंगळवार, ११ मार्च

मामीच्या जुन्या फोनमध्ये कार्ड घातलं. मामा म्हणतो, "तुला फोन करणार कोण?" कुणीच नाही. तेच तर बरं!

बुधवार, १२ मार्च

वाजला! काकूंचं जुनं गिऱ्हाईक. पाठोपाठ दुसरं. दिवसभर वाजतोय. प्रत्येकाला काकूंचा नवा नंबर सांगितला, न अडखळता. एका आजींनी विचारलं, "आणि तू कोण बोलतेस बाळा?"

नाव सांगितलं. आडनावासकट.