कच्च्या रंगाचा शालू

सर, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. असता तर हे तोंडावर बोललो असतो आणि तुम्ही मला वर्गाबाहेर काढलं असतं. आता काढू शकत नाही, म्हणून लिहितो आहे. परवा तुमच्या मुलीच्या लग्नाचा बस्ता आमच्या दुकानात बांधला. तिचा शालू मी दाखवला. त्याचा रंग कच्चा आहे, पाणी लागलं की उतरतो. हे मला माहीत होतं, तरी पक्का आहे म्हणून सांगितलं. का सांगितलं ते तुम्हीच ऐका, कारण सूड तुमच्यावरचा होता.

नववीचं वर्ष तुम्हाला आठवत नसेल, मला पाठ आहे. टँकर आठ दिवसांनी यायचा. आमच्या घरात एक ड्रम, त्यात पिणं, स्वयंपाक, सगळं. शाळेचा शर्ट पांढरा, आणि मला एकच. दुष्काळी गावातल्या पोरांना पांढरा शर्ट ज्यानं ठरवला त्याला एकदा बघायचं आहे मला. तुम्ही मात्र रोज कांजी केलेल्या सदऱ्यात यायचात, बाहीची घडी सुरीसारखी. तुम्ही दूध संस्थेचे चेअरमनही होता, आणि गावात आटला नव्हता तो एकच बोअर, संस्थेचा, कॅन धुवायचा. त्या दिवशी तुम्ही मला फळ्यापुढे बोलावलं. "काढ तो शर्ट." मला वाटलं मारणार आहात. मारलं असतं तर बरं झालं असतं. मी शर्ट काढला. खालच्या बनियनला पोटावर मुठीएवढं भोक. तुम्ही शर्ट दोन बोटांत धरून सगळ्या वर्गाला दाखवला आणि म्हणालात, "गरिबी मी समजू शकतो, घाण समजू शकत नाही. माणूस बोलायच्या आधी त्याचे कपडे बोलतात." मुलींच्या दुसऱ्या बाकावर तुमची मुलगी बसली होती. ती हसली का नाही, मी बघितलं नाही. बघायची हिंमतच नव्हती.

घरी गेलो आणि ड्रममध्ये उरलेल्या दोन घागरी काढून शर्ट धुतला. एक घागर साबणाला, एक निळीला. आई रोजगार हमीच्या कामावरून आली. आधी तिनं दोरीवरचा शर्ट बघितला, मग ड्रमात वाकून बघितलं.

"शर्ट धुतलास व्हय?"

"सरांनी सांगितलं."

"मग सरांच्याच घरी जा जेवायला."

एवढंच बोलली. टँकर यायला अजून दोन दिवस होते. पीठ मळायला पाणी नव्हतं, म्हणून आम्ही फुटाणे खाल्ले, आणि शेजारणीनं दिलेलं तांब्याभर पाणी घोट घोट प्यालो. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शाब्बास. असं राहायचं!" सर, शर्ट काढायला लावला ते मी एखादे वेळी विसरलो असतो. तो हात विसरत नाही. कारण त्या क्षणाला मला बरं वाटलं होतं. आई उपाशी कामावर गेली होती आणि मी खूश होतो.

दोन वर्षांनी तुम्ही गेलात. संस्था त्याच्या आधीच बंद पडली होती. पुढं अंबाजोगाईच्या कॉलेजात तुमची मुलगी आणि मी एकाच वर्षाला. मी तिच्यासाठीच गेलतो, शिकायला नाही. ती आठवडाभर दोनच ड्रेस घालायची, एक आकाशी आणि एक बदामी. कुठल्या वारी कुठला ते मला तिच्यापेक्षा जास्त पाठ होतं. दुसऱ्या वर्षी एकजण जिन्यात म्हणाला, "हिच्या घरी काय शाळेसारखा गणवेश हाय का बे?" मी त्याच्या कानाखाली वाजवली. चष्मा फुटला. प्राचार्य म्हणाले, माफीनामा लिही. मी लिहिला नाही, पिशवी उचलली आणि निघालो. ती स्टँडवर भेटली. वाटलं, आता काहीतरी बोलेल. बोलली ते असं, "तुला कुणी सांगितलं होतं? आता सगळं कॉलेज माझ्या कपड्याकडं बघतंय." त्यानंतर मी तिचं तोंड बघितलं ते थेट परवा.

आता मी परळीत कापडाच्या दुकानात आहे. आमचे सेठ पहिल्याच दिवशी म्हणाले, "कपडा बाद में निकाल, पैले गिऱ्हाईक के पाँवां देख." टाचा भेगाळलेल्या असतील तर त्या बाईला तलम साडी दाखवायची नाही, भेगेत अडकून धागा निघतो. ऊसतोडीला जाणारा जाड कापडाचा, लांब बाह्यांचाच शर्ट मागतो, पाचट हात सोलतं म्हणून. ज्यांच्याकडं पाणी टँकरचं, ते रंगाचं नावच घेत नाहीत. "मळखाऊ दाखवा," म्हणतात. मळखाऊ म्हणजे मळ अंगावर घेऊन गप्प बसणारा रंग, कॉफी, मेंदी, राखाडी. परळीत तर वाळत घातलेल्या कपड्यावर वीज केंद्राची राखच पडते. पांढरं मागतो तो पुढारी, नाहीतर ज्याचे कपडे दुसरं कुणी धुतं तो. तुम्ही म्हणाला होतात ते खरं आहे सर, कपडे बोलतात. पण ते माणसाचं मन सांगत नाहीत. त्याच्या घरी पाणी किती आणि ते आणतं कोण, हे सांगतात.

तर परवा दोन्हीकडची मंडळी आली. नवरदेव पतसंस्थेत कामाला आहे. पोट आत्ताच सुटलंय. त्याला मी मखमलीची शेरवानी घातली, आत जाड अस्तर, या उकाड्यात. "एकदम राजा दिसताय, दाजी," म्हणलं. तोंडातून दाजी निघून गेल्यावर कळलं की तिला मी बहीण करून टाकली. ती खाली बघून हसली. मी जळालो. पण तोपर्यंत माझा राग शेरवानीत भागला होता, खरं सांगतो. मग काकूंनी, तुमच्या बायकोनं, मला ओळखलं. विहीणबाईंना मोठ्या हौसेनं सांगायला लागल्या, "हा आमच्या सरांचा इद्यार्थी. सर मरेपर्यंत सांगायचे याचं! एकदाच बोलले याला, अन् दुसऱ्या दिवशी कसा पांढराशुभ्र होऊन आला. एका शब्दात पोरगं सुधारलं, म्हणायचे."

मरेपर्यंत सांगायचे. माझ्या आईच्या दोन घागरी तुम्ही शेवटपर्यंत शाबासकीसारख्या मिरवल्या.

मागं परत पाठवायचा गठ्ठा होता. त्यात एक लाल शालू, घाटनांदूरच्या एका बाईनं परत आणलेला, एका धुण्यात रंग सोडलेला. सेठनं त्याला इस्त्री मारून कंपनीला पाठवायला बाजूला ठेवला होता. मी तो काढला आणि गादीवर झटक्यात पसरला. नवीनच वाटत होता. विहीणबाईंनी तिच्या खांद्यावर टाकला, "झकास दिसतंय की!" सेठ तिकडं शर्टपीसच्या गिऱ्हाइकात होते. तिनं पदराचं टोक अंगठ्यानं चोळलं आणि स्टँडनंतर पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. "रंग जाणार न्हाई ना रे?"

"न्हाई. पक्काय."

त्या घटकेला मला असं गार वाटलं सर, की काय सांगू. कुठं पाणी सांडलं की तुमच्या पोरीच्या अंगावरून भर मांडवात रंग ओघळणार आणि सगळे बघणार, जसं मला बघितलं. मग दुसरी साडी काढायची म्हणून मी मोतिया रंगाची एक उलगडली. ती पटकन म्हणाली, "पांढरं नको. लई धुतलंय मी पांढरं."

विहीणबाई हसल्या. "लाँड्री होती का काय घरी?"

"बाबांचे कपडे. पहाटे संस्थेच्या बोअरवर, कॅन धुऊन उरलेल्या पाण्यात. डाग दिसला की परत पाठवायचे. आईचा खांदा तर ते पाणी घरी वाहूनच गेला."

काकूंनी खांद्यावरचा पदर सारखा केला. तेव्हा मी त्यांच्या पायाकडं बघितलं, टाचा भेगाळलेल्या. सेठनं शिकवलेलं पहिलं काम मी शेवटी केलं. माझ्या शर्टाला दोन बोटांत धरताना तुमच्या अंगावर जो सदरा होता, तो नववीतल्या पोरीनं पहाटे धुतलेला होता. म्हणजे मी सूड घेतला तो तुमच्यावर नाहीच. त्याच वेळी म्हणायला पाहिजे होतं, थांबा, तो शालू खराब निघालाय. पण तिला असं सांगायचं म्हणजे आधी खोटं बोललो हेही सांगायचं, त्या दाजीसमोर. माझं तोंड उघडलं नाही. सेठनं घड्या न उलगडताच गाठ मारली, विहीणबाईंनी बस्त्यावर हळद-कुंकू वाहिलं. आता तो मांडवातच सुटायचा.

लग्न रविवारी आहे, त्यांच्या दारात, उघड्या मांडवात. हे मी शर्टाच्या खोक्यातल्या पुठ्ठ्यांवर लिहितो आहे आणि लिहून झालं की परत खोक्यातच घालणार आहे. तिच्या गावच्या गाडीसाठी दोनदा स्टँडवर जाऊन आलो. दुसऱ्यांदा तर पिशवीत पक्क्या रंगाचा शालूही होता. गाडी लागली, भरली, गेली.

कालपासून आष्टीच्या अंगानं आभाळ भरून येतंय. दोन वर्षांनी असं काळं आभाळ बघतोय आम्ही. बाजारात सगळे माना वर करून उभे आहेत, सेठ दर तासाला बाहेर जाऊन येतात. दुपारी आईचा फोन आला. इतकी खूश मी तिला कधी ऐकली नाही. म्हणाली, "आभाळ आलंय रं! देवाला सांग, लई जोरात येऊ दे." मी व्हय म्हणलो. सांगितलं मात्र उलटं.