पिटूच्या नव्या दाढा

प्रिय पिटूच्या आई,

पिटू बरी आहे, हे आधी सांगतो, नाहीतर माझं अक्षर बघून तू आधी शेवटची ओळ वाचशील. सातवं सरतंय तिला. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढते, माझ्यासारखीच भराभरा बोलते. फक्त शाळेत फोटो काढताना ओठ घट्ट मिटून घेते. वर्गातली एक मुलगी तिला दातांवरून ‘गंजकी’ म्हणते.

गेल्या महिन्यात तिला खालच्या दोन नव्या दाढा आल्या. पक्क्या, जन्मभराच्या. बॅटरी लावून पाहिलं. पिवळट, खड्डे पडलेल्या; एकीचा कोपरा तर खडूसारखा निघून आला. दोन वर्षं ती माझ्याकडे आहे. सकाळ-संध्याकाळ मीच ब्रश फिरवतो, गोड घरात येऊ देत नाही. आता बोट कुणाकडे दाखवणार?

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, जन्माचं वजन किती होतं? तेराशे ग्रॅम, मी म्हणालो. पुढे पाच आठवडे काचेची पेटी, नळ्या, फुप्फुसातला संसर्ग, सगळं सांगितलं. मी फरश्या बसवतो हे कळल्यावर म्हणाल्या, “मग तुम्हाला पटकन समजेल. भट्टी मध्येच थंडावली तर फरशी चकाकी धरत नाही, मग ती कितीही पुसा. या दाढांचं कवच त्या आजारपणातच घडायला लागलं होतं. दुधाच्या दातांचंही तेच झालं.” पिटू खुर्चीत ताडकन उठून बसली. “म्हणजे आईने दात घासले नाहीत म्हणून नाही?” “आईमुळे नाही गं,” बाई म्हणाल्या. मी छताकडे बघत होतो.

ती पेटीत होती तेव्हा तू तासन्‌तास एक बोट आत घालून तिच्या मुठीत देऊन बसायचीस. पाठ मोडली तरी हलायची नाहीस. दीड वर्षाची झाली, दात तपकिरी निघाले, तेव्हा माझी आई म्हणाली, “बाटली तोंडात देऊन झोपवते, दुसरं काय होणार!” तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली मान घालून जेवत राहिलो. पुढे तेच वाक्य मी घरात बोललो, मग चारचौघांत, आणि शेवटी तिचा ताबा मागताना न्यायाधीशांसमोर, तिच्या दातांचे फोटो टेबलावर ठेवून. तू एवढंच म्हणालीस, “मी रोज पुसत होते हो.”

आता जे सांगायला बसलोय ते. पिटूला दवाखान्यातून घरी सोडलं त्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, हिचे दात कच्चे निघतील, आईला सांभाळून सांगा. तू आधीच अर्धी झाली होतीस, म्हणून गप्प बसलो. तेवढं चांगल्या मनाने. पुढचं नाही. ‘मी विसरलो होतो’ असं इथे आधी लिहिलं होतं, ते खोडलंय. मला सगळं आठवत होतं. हे मी वकिलांना सहीनिशी लिहून दिलंय आणि पिटूलाही सांगितलं. काल तिने स्वतःच कपडे भरायला घेतले. शनिवारी अकराला तिला तुझ्याकडे आणतो, कायमची. डाव्या दाढेवर टोपी बसवायची आहे, कागद तिच्या दप्तरात ठेवतो. मी वर येणार नाही.

तुझा अपराधी,
पिटूचा बाबा