एकेचाळीस घरटी आणि दोन खाती

३ मार्च, सोमवार

काम बंद! आमच्या बांधकाम खात्याने पुलाचा मधला स्लॅब फोडून चार दिवस झाले नाहीत तोच वनखात्याचं पत्र — पुलाखाली पाकोळ्यांची घरटी आहेत, दोन्ही खात्यांची संयुक्त पाहणी होईपर्यंत हात लावू नये. ‘एका नागरिकाच्या तक्रारीवरून.’ या नागरिकाला दुसरा काही उद्योग नाही का?

मी अलीकडे, आई पलीकडे, पुलाच्या अगदी टोकाशी. एरवी ऑफिस सुटलं की स्कूटरवरून पाच मिनिटांत तिच्याकडे. आता वळसा घालून पाऊण तास, म्हणून फक्त रविवारी. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही अडलंय. “महिनाभर डोळ्यात थेंब कोण घालणार? पूल होऊ दे, मग बघू.” डॉक्टर म्हणतात, फार लांबवू नका. हे त्या नागरिकाला कोण सांगणार?

५ मार्च, बुधवार

संयुक्त पाहणी. वनखात्याच्या बाई हातभर अंतरावरची वस्तूसुद्धा दुर्बिणीतून बघतात. नाव ठेवलं — दुर्बीणबाई.

“पूल तुमचा, पाकोळ्या आमच्या,” म्हणाल्या.

“मग घेऊन जा की!” मी म्हटलं. त्या खो खो हसल्या. मला रागवायचं होतं, तेही धड जमलं नाही.

त्यांनी मोजली, मी मोजली. दोघींची एकेचाळीस. साहेब एवढे खूश झाले, जणू पूलच उघडला! ठरलं ते असं — रिकाम्या घरट्यांच्या बाजूने काम सुरू करायचं, पिल्लं उडतील तसं पुढे सरकायचं. प्रत्येक घरट्याशेजारी मी लाल रंगाने नंबर टाकला. मान अजून वाकडी आहे.

९ मार्च, रविवार

आईकडे. दारातच — “पूल कधी?”

मी आणायच्या सामानाची यादी तिने लिहून ठेवली होती. अक्षर हे एवढं मोठं, आणि प्रत्येक ओळ उजवीकडे घसरत गेलेली. म्हटलं, “आई, ओळीला एकास दहाचा उतार आहे. पाणी साचायचं नाही हो!” तीच यादी डोक्यात मारली तिने. पण डोळा बिघडत चाललाय, हे दोघींनाही कळलं.

घरटी किती, विचारलं. एकेचाळीस म्हटलं. “एवढीच?” म्हणाली.

१४ मार्च, शुक्रवार

दुर्बीणबाईंचा अहवाल आला! ‘क्र. ३० ते ४१ रिकामी. काम करण्यास हरकत नाही.’ खाली तीन शिक्के. मुकादमाला सांगितलं, सोमवारी फवारा मारून ती बाजू खरवडायला घ्या.

१७ मार्च, सोमवार



सकाळी साडेनऊला आईचा फोन. “अगं, तुझी माणसं या टोकाला कशाला चढलीत? पिल्लं आहेत इथे!”

“आई, ती रिकामी आहेत. कागद आहे माझ्याकडे.”

“चुलीत घाल तुझा कागद! ऐक!” फोन खिडकीबाहेर धरला तिने. नुसता कल्लोळ. मुकादमाला फोन — पंपाच्या आवाजात त्याला काय ऐकू येतंय! मध्ये पूल फोडलेला. मग सुचलं, दुर्बीणबाईंचं ऑफिस पलीकडेच आहे. त्यांना फोन केला आणि स्कूटर काढली.

पाऊण तासाने पोचले तेव्हा दुर्बीणबाई परांचीवर चढून घरट्यांसमोर हात पसरून उभ्या. नखशिखान्त भिजलेल्या. दुर्बिणीतून पाणी गळतंय. मुकादम नळी धरून ओशाळलेला. घरटी सगळी शाबूत!

दोन फायली शेजारी ठेवल्या तेव्हा उजेड पडला. आमचं खातं मोजणी आपल्या ऑफिसच्या बाजूने सुरू करतं. त्यांचं खातं त्यांच्या ऑफिसच्या बाजूने, आणि आमचे लाल आकडे त्यांच्या वहीत चालत नाहीत. त्यांचं एक ते आमचं एकेचाळीस. फक्त एकविसाव्या घरट्यावर दोन्ही खात्यांचं एकमत! आणि हे मी विचारलंसुद्धा नाही. चूक माझीच.

“तुम्हाला कळलं कसं?” त्यांनी विचारलं. म्हटलं, आई या टोकाला राहते, तिने फोन केला. “असं होय,” म्हणाल्या आणि डोकं पुसता पुसता हसत बसल्या. यात हसण्यासारखं काय?

१८ मार्च, मंगळवार

तीन तास बैठक. नंबर कुणी बदलायचे? आमचे साहेब हटेनात, त्यांचे साहेब हटेनात. शेवटी मुकादम उठला — “साहेब, रिकाम्याला हिरवा खडू, भरलेल्याला लाल.” संपली बैठक.

५ एप्रिल, शनिवार

सगळी उडाली, एक सोडून. एकविसाव्या घरट्यातलं! आठवडाभर तोंड बाहेर काढून बसलंय. हल्ली आमचे साहेब चहाचा कप घेऊन खाली येतात. आज त्यांचे साहेबही आले. दोघं एकाच दुर्बिणीसाठी भांडले.

७ एप्रिल, सोमवार

उडालं!! मुकादमाने टाळ्या वाजवल्या. मीही. आईला फोन केला, तर ती रडली. मला वाटलं, पूल आता लवकर होईल म्हणून.

२ मे, शुक्रवार

उद्या पूल उघडणार. फाइल बंद करायला दुर्बीणबाईंनी सगळे कागद पाठवले, नागरिकाचं मूळ पत्रही, नाव झाकून. निळी शाई, हे एवढं मोठं अक्षर. ‘मला त्या आता दिसत नाहीत, पण ऐकू येतात. काम लांबलं तर पलीकडचे आम्ही थांबू. माझी मुलगी पुलाचं काम करणाऱ्या खात्यातच आहे, तिला माझं नाव कळू देऊ नये. तिला माझी काळजी वाटते.’

प्रत्येक ओळीला एकास दहाचा उतार.