पाचव्या भागावरचं नाव

शार्लरोआ,
२८ सप्टेंबर १९९१

ती. ओदिलताईस,
फिर्मांचा प्लॅस्टरसकट सा. न. वि. वि.

पाय मोडल्याचं येवेतने कळवलंच असेल. कबुतरखान्याची शिडी, दुसरं काय! डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे हलायचं नाही. येवेत म्हणाली, बरं झालं, नवरा निदान घरात तरी दिसेल. तुला फोनच करणार होतो, पण फोन तू मधेच ठेवून देतेस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचतेस.

आता कामाचं. पेपरात आलंय की आंसेल्म दर्वो नामूरला येणार आहेत. हो, तेच! आपल्या 'बार्जवाल्या कोर्नेल'च्या चित्रकथा काढणारे. वय एक्याऐंशी, हात थरथरतो म्हणतात, आणि यानंतर कुठे सह्यांना बसणार नाहीत. १९ ऑक्टोबरला, तुझ्या घराजवळच्या पुस्तकांच्या दुकानात. माणसं साठच घेणार, तीही चिठ्ठ्या टाकून, आणि एका चिठ्ठीला एकच पुस्तक. चिठ्ठी टाकायला स्वतः दुकानात जावं लागतं. मी हा असा खुर्चीत अडकलेला. तेव्हा तू जा, तुझ्या नावाची चिठ्ठी टाक, आणि निघाली तर माझा पाचवा भाग घेऊन रांगेत उभी राहा.

ते नुसती सही करत नाहीत. कोऱ्या पानावर चित्र काढून देतात आणि वर ज्याचं पुस्तक त्याचं नाव घालतात. नावाशिवाय चित्र नाही, म्हणजे कुणी नेऊन विकायला नको. तर नाव सांगायचं, फिर्मां. यात अवघड काही नाही.

तुला नशिबाची साथ असते हे मी लहानपणापासून बघतोय. चिठ्ठी निघणारच. लोभ आहेच, या वेळी तो जरा माझ्या कामालाही लाव.

तुझा धाकटा,
फिर्मां


नामूर,
५ ऑक्टोबर १९९१

चि. फिर्मांस,
ओदिलताईचे अनेक आशीर्वाद, मोडक्या पायाला दोन जास्त.

चिठ्ठी निघाली. सदतिसावी. पण तिच्यावर नाव माझं आहे, रांगेत पाय माझे दुखणार आहेत, आणि पुस्तक तुझं का न्यायचं हे काही तू लिहिलं नाहीस. वर म्हणे यात अवघड काही नाही!

बाबा गेल्यावर कोर्नेलच्या आठ भागांची वाटणी केली, तेव्हा विषम आकडे तुझ्याकडे का गेले? पाचव्यावर तुझं नाव होतं म्हणून. दर सेंट निकोलसच्या सणाला बाबा एक भाग आणायचे, दोघांत मिळून एक. सात भागांवर कुणाचंच नाव नाही. एकावर आहे, आणि ते तुझं. 'फिर्मांला, बाबांकडून, सेंट निकोलस, १९५२.' बाबांच्या अक्षरात. एकोणचाळीस वर्षं ते पान माझ्या डोळ्यांत सलतंय. शेवटची अकरा वर्षं त्यांचं पथ्यपाणी मी केलं, नखं मी कापली, कालव्याच्या जलद्वारावरच्या नोकरीच्या त्याच त्या गोष्टी मी ऐकल्या, आणि नाव मात्र तुझं! लिहून टाकते एकदाचं. मला तुझा मत्सर वाटतो. पन्नाशी उलटली तरी वाटतो.

तेव्हा मी माझंच पुस्तक नेणार. माझ्याकडे दुसरा, चौथा, सहावा आणि आठवा. दुसऱ्यावर तू कॉफी सांडलेली आहेस, आठवतंय ना? सहाव्यातली निम्मी चित्रं मदतनिसाची आहेत, तो पुढे केला की दर्वोंचं तोंड उतरतं, असं दुकानदारीणबाई म्हणाल्या. आठव्याची गोष्ट फालतू. राहिला चौथा. त्यात कोर्नेलची मालवाहू बार्ज धुक्यात जलद्वाराशी अडकते, आणि दारं उघडणारा म्हातारा थेट आपल्या बाबांसारखा पाइप चावत उभा असतो. तोच नेईन. निदान त्या एकावर तरी माझं नाव येईल.

तुझ्यावर लोभ आहे, पण तो पाचव्या भागापर्यंत पोचत नाही. येवेतला माझी आठवण सांग.

तुझी ताई,
ओदिल


शार्लरोआ,
९ ऑक्टोबर १९९१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वा! अकरा वर्षं असं लिहितेस, जशी काही सक्तमजुरी भोगलीस. मला त्या अकरा वर्षांतले रविवार मिळाले, तेही जेवणापुरते. मी आलो की बाबा तुला विचारायचे, फिर्मांला कॉफीत साखर किती लागते. मी समोर बसलेला असायचो, ताई! मला नाही, तुला विचारायचे. मग तुम्ही दोघं अर्ध्या वाक्यावर हसायला लागायचात, आणि मी आणि येवेत सफरचंदाच्या टार्टकडे बघत बसायचो. पाइप तुझ्याकडे, टोपी तुझ्याकडे, मासे हमखास लागायची ती जागासुद्धा त्यांनी तुलाच दाखवली. मत्सराचा मक्ता काय तू एकटीने घेतलायस?

माझ्याकडे ते एक पान आहे. त्याच्या समोरचं पान कोरं आहे. तिथे कोर्नेल आला आणि वर दर्वोंच्या हातचं माझं नाव आलं, की मला दुसरं काही नको. बाबांचं घड्याळसुद्धा तूच ठेव.

येवेत गुरुवारी तिच्या मावशीकडे नामूरला येतेय, तिच्याबरोबर पाचवा भाग पाठवतोय. तुला न्यायचाच नसेल तर तिच्याबरोबरच परत पाठव, मी समजेन. समजणार नाही, पण गप्प बसेन.

लोभ ठेवशील अशी आशा. ठेवला नाहीस तरी हक्क सांगणारच.

तुझा,
फिर्मां


नामूर,
२० ऑक्टोबर १९९१

चि. फिर्मांस,
आशीर्वाद लिहिते, पण आधी पत्र वाच आणि मग ते घ्यायचे की नाही ते ठरव.

काल दुकानात गेले. पिशवीत दोन्ही होते, चौथा आणि पाचवा. रांगेत सगळ्यांची हीच रड. माझ्या पुढच्या गृहस्थांनी पहिला भाग तान्ह्या मुलासारखा टॉवेलात गुंडाळून आणला होता, आणि तो उघडला तर पाठ निखळेल म्हणून घाबरले होते. मागच्या बाईंनी तीन भाग आणलेले, दर दहा मिनिटांनी मला विचारायच्या, यातला कुठला देऊ? शेवटी मी म्हटलं, बाई, माझं मलाच ठरत नाहीये.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं होतं. साखरेचं ते वाक्य टोचत राहिलं. खरंच रे, विचारायचे ते मला, आणि मला त्याचा केवढा तोरा वाटायचा! म्हणून टेबलाशी पोचले तेव्हा मी पिशवीतून पाचवा काढला. देवाशपथ, तुझ्यासाठी काढला.

दर्वो अगदी वाळून गेलेत. उजवा हात थरथरतो म्हणून डाव्याने मनगट धरून चित्र काढतात. त्यांनी पुस्तक उघडलं आणि समोर बाबांचं अक्षर आलं. त्यांनी विचारलं, कुणाच्या नावाने काढू? मी म्हणाले, ओदिलच्या.

तोंडातून निसटलं असं लिहिणार नाही. समोरच्या पानावर दुसरं नाव दिसत होतं, म्हणून त्यांनी पुन्हा एकदा विचारलं. तेव्हाही मी ओदिलच म्हणाले. कोर्नेल सुकाणूशी उभा राहून टोपी हलवतोय आणि वर 'ओदिलला' असं लिहिलंय. काय सांगू, दुकानाच्या दारापर्यंत मला स्वर्ग दोन बोटं उरला होता. मग बसमध्ये पुस्तक उघडलं. डाव्या पानावर तू, उजव्या पानावर मी. माझी मलाच इतकी लाज वाटली की दोन थांबे आधी उतरले आणि चालत घरी आले.

भावाच्या पुस्तकावर स्वतःचं नाव घालून आणणारी बाई मी. बाबांनी तुला दिलेल्या एकुलत्या एका गोष्टीत जाऊन बसले. पाहिजे तर माझे चारही भाग घे, पाइप घे, मासे लागायची जागा नकाशा काढून देते. पाचवा कधी पाठवू ते कळव.

लोभ असू दे, असं लिहायला आज मला तोंड नाही.

ओदिल


शार्लरोआ,
२४ ऑक्टोबर १९९१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी एवढ्या मोठ्याने ओरडलो, की खुराड्यातली कबुतरं फडफडली. येवेतला वाटलं दुसराही पाय मोडला. दोन दिवस तुला मनसोक्त शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी घालवेनात, कारण मला एक गोष्ट माहीत आहे आणि तुला नाही.

बावन्न सालचा तो डिसेंबर आठव. तुला गोवर आला होता. मला तुझ्या खोलीत यायची बंदी. तीन आठवडे घरात एकच विषय, ओदिलचा ताप उतरला का, ओदिलने सूप घेतलं का. मी नऊ वर्षांचा, मला कुणी जेवलास का म्हणूनही विचारत नव्हतं. सेंट निकोलसच्या दिवशी मी जलद्वारावर गेलो, तर बाबांनी कोटाच्या आतून पाचवा भाग काढून माझ्या हातात दिला. तो तुझ्यासाठी होता, ताई. तुला नेऊन द्यायला सांगितला. त्या वर्षी तो दोघांत नव्हता, तुझ्या एकटीचा होता. एक बार्ज खोळंबली होती, म्हणून ते लगेच दारं उघडायला वळले.

मी त्यांच्या चौकीत गेलो. बार्जांची नोंदवही उघडी होती. तिच्यातली अक्षरं बघून बघून, त्यांच्याच पेनाने, पहिल्या पानावर ते वाक्य मी लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग घरी येऊन दारातूनच तुला दाखवलं, आणि तू भिंतीकडे तोंड केलंस.

बाबांनी घरी आल्यावर ते पान पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता सोलून काढतात. त्यांनी नुसतं पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे दिलं. बस.

मग दर्वोंच्या चित्राचा एवढा हट्ट कशाला, असं विचारशील. वाटलं, समोरच्या पानावर खऱ्या माणसाने माझं नाव लिहिलं, की इकडचं खोटंही खरं होऊन जाईल. अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा झालो, तरी असं वाटलं. नाव तू बरोबरच सांगितलंस. पुस्तक ठेवून घे, ते तुझंच आहे.

लोभ काय तो तू ठरव.

फिर्मां


नामूर,
२७ ऑक्टोबर १९९१

फिर्मां,
या खेपेला आशीर्वाद बिशीर्वाद काही नाहीत. चोरा!

काल तुझं पत्र आलं. तासभर मी स्वयंपाकघरात एकटीच हसत होते, मग रडले, तोवर ओव्हनमधली चिकोरीची भाजी करपून कोळसा झाली. माझं होतं! आजारी मुलीसाठी माझ्या बाबांनी आणलेलं होतं! शेजारच्या बाईंना बोलावून दाखवलं, आणि तू काय केलंस तेही सांगितलं. लाज वाटून घे.

आणि आज सकाळी पत्र पुन्हा वाचलं, तर अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणजे बाबांना ठाऊक होतं! ठाऊक असून त्यांनी तुला पाठीशी घातलं! अकरा वर्षं माझ्या हातचं सूप प्यायले, एकदा तरी सांगावं की नाही, पोरी, ते पुस्तक तुझं होतं म्हणून? तुझी अब्रू झाकली आणि माझा जीव जळू दिला. शेवटी लाडका तूच, हे सिद्ध झालं. आता तर मला जास्तच मत्सर वाटायला लागलाय, बोल!

पुस्तक मी ठेवतेय. तू एक कर. जलद्वारावर बाबांनी पुस्तक देताना काय सांगितलं ते जसंच्या तसं लिहून पाठव. 'तुला द्यायला सांगितला' हे तुझं झालं. मला त्यांचे शब्द पाहिजेत. आठवत नाही असं लिहिशील तर तिथे येऊन दुसरा पाय मोडेन.

ओदिल


शार्लरोआ,
३० ऑक्टोबर १९९१

ती. ताईस,
नमस्कार.

न आठवायला काय झालं? सांगायचे नव्हते, म्हणून गाळले होते. ते म्हणाले, की हे माझ्या ओदिलला नेऊन दे.

एवढंच. तू 'माझी ओदिल' होतीस. मी त्यांच्या तोंडी कायम नुसता फिर्मां. चौकीत पेन उचललं तेव्हा मलाही 'माझ्या फिर्मांला' असंच लिहायचं होतं. पण बाबांच्या अक्षरात तेवढं खोटं लिहायला हात धजला नाही.

तुझा,
फिर्मां