टेकडीवरच्या मेपलांची निरवानिरव

मी, विनिफ्रेड ओर्डवे, वय वर्षे ब्याऐंशी, कै. एल्डन ओर्डवे यांची पत्नी, राहणार हार्लो टेकडी, व्हरमाँट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे, गुडघे नाहीत. कोणाचा दबाव नाही. माझ्यावर दबाव आणणारा अजून भेटायचा आहे. यापूर्वीचे कागद रद्द समजावेत.

१. घर, लाकडाची चूल आणि बँकेतील शिल्लक मुलगी लोइस हिला. पडदे तिला कधीच आवडले नाहीत. ते तिने खुशाल जाळावेत.

२. कॉलेजातील वनस्पतिशास्त्राची पुस्तके व भिंग गावच्या शाळेला. भिंग मुलांच्या हाती द्यावे, कपाटात कुलपात ठेवू नये.

३. टेकडी व तिच्यावरील सर्व मेपल मुलगा रसेल याला. पुढचे त्याने बसून वाचावे.

रसेल, सप्टेंबरात तू आलास आणि पानांवरचे डांबरासारखे काळे डाग पाहून म्हणालास, "आई, सगळी झाडं रोगट झालीत. लाकूडवाल्याला देऊन मोकळी हो."

मी म्हणाले, "अंगावर तीळ दिसला म्हणून कोणी माणसाला पुरत नाही."

त्या डागांनी झाड मरत नाही. गळलेली पाने गोळा करून जाळ, एवढे पुरे. पानांवरच्या लाल पुटकुळ्यांकडे लक्षही देऊ नकोस. सुरवंटांनी जूनमध्ये टेकडी बोडकी केली, तर घाबरू नकोस. जुलैत पुन्हा पालवी येते. मात्र पुढच्या वसंतात पाकासाठी त्या झाडांचा रस काढायचा नाही. भीती वेगळ्या खुणांची धर. सालीवर तिरपा उंचवटा उठून ती फाटली, तर आत भुंग्याची अळी आहे. बुंधा एका बाजूने सपाट दिसला, तर तिथली माती उकर. स्वतःचेच मूळ झाडाचा गळा आवळत असते. ते छिन्नीने तोड.

त्या दिवशी तिळाचे ऐकून तू जाता जाता म्हणालास, "बाबांनी रसाच्या भोकांत औषधी गोळ्या घालून चोवीस झाडं मारली, तेव्हा कुठे गेलं होतं तुझं शहाणपण?"

त्याचे उत्तर आता देते.

४. सन १९६८, रसाचा हंगाम. एल्डनने मेपलांना भोके पाडली, तोट्या ठोकल्या, बादल्या टांगल्या आणि आठवड्यात न्यूमोनियाने रुग्णालयात गेला. वारा लवकर उबदार झाला, रस आटू लागला. तू बारा वर्षांचा होतास; बर्फावर ओतलेला गरम पाक मुरवलेल्या आंबट काकडीबरोबर खात, रस उकळायच्या खोपटीच्या दारात बसायचास. त्या वाफेचा गोड वास मला अजून आठवतो. भोके बुजू नयेत म्हणून त्यांत ठेवायची औषधी गोळी तेव्हा दुकानात मिळे. पुढे तिच्यावर बंदी आली. भोक बुजणे म्हणजे झाडाची जखम भरणे, हे मी कॉलेजात शिकले होते. तरीही वरच्या चोवीस झाडांत गोळ्या मीच घातल्या. रस तीन आठवडे जास्त वाहिला. खोडे आतून कुजली.

एल्डन घरी आला तेव्हा मी सगळे सांगितले. तो म्हणाला, "विनी, गप्प बस. लोक म्हणतील, कॉलेजात जाऊन हीच अक्कल आणली का? माझ्या अकलेबद्दल कोणाच्या काही अपेक्षाच नाहीत."

दहा वर्षांनी तू एक झाड पाडलेस, आतली तपकिरी कूज पाहिलीस, बापाला नाही नाही ते बोललास आणि घर सोडलेस. मी भांडी घासत होते. घासतच राहिले. एल्डन गेला तेव्हाही तू दफनाला दूर उभा होतास.

५. उरलेल्या झाडांना भोक पाडताना जुन्या व्रणापासून दूर जा. भुसा पांढरा आला तर ठीक. तपकिरी आला तर तिथेच थांब.

६. एल्डनचे गिरमिट रसेलला. ते त्याच्या बापाने कधी चुकीचे चालवले नाही. चूक दुसऱ्या हाताची होती. तोच हात खाली सही करतो आहे.

(सही) विनिफ्रेड ओर्डवे

साक्षीदार, ज्यांच्यादेखत वरील सही झाली:
१. क्लॅरेन्स टटल, शेजारी
२. ओपल गुडनो, शाळेतील ग्रंथपाल

हार्लो टेकडी, व्हरमाँट
९ नोव्हेंबर १९९६